फळ्यावरचे नमुना-वाक्य

चित्राबाई दफ्तरदार येत्या सोमवारी, सात जुलैला, सकाळच्या बसने जगदलपूरला जाणार आणि वर्षभर तिथेच राहणार, ही गोष्ट पुरानी बस्तीतल्या त्या गल्लीत दूधवाल्यापासून देवळाच्या पुजाऱ्यापर्यंत सर्वांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती केवळ त्यांच्या पतीला. आणि मौज अशी की, ही वार्ता त्या पतीनेच स्वहस्ते, पांढऱ्या खडूने, सुवाच्य इंग्रजी अक्षरांत फळ्यावर लिहिली होती आणि तिच्याखाली दुहेरी रेघही ओढली होती.

नीलकंठ माधव दफ्तरदार यांचे वय अडुसष्ट पूर्ण, एकोणसत्तर चालू. वय विचारले असता ते याच दोन आकड्यांत सांगत. एकाच आकड्यात सांगितलेले वय त्यांना अर्धवट वाटे. घराणे भोसल्यांच्या अमदानीत नागपूरहून रायपुरास आलेले. मूळ पुरुष फौजेबरोबर आला नाही. फौजेच्या मागून जी दप्तरांची बैलगाडी आली, तिच्याबरोबर आला. घोडेस्वारांचे वंशज पुढे कुठे पांगले याचा पत्ता नाही, दप्तरे मात्र सुरक्षित राहिली, असे नीलकंठराव अभिमानाने सांगत. त्यांनी स्वतः एका शाळेत चौतीस वर्षे इंग्रजी शिकवले, निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी घराच्या बैठकीत फळा टांगला, चार बाके मांडली आणि तिसऱ्या दिवशी बरोबर आठ वाजता शिकवणी सुरू केली. मधला एक दिवस फळा सरळ टांगला गेला आहे की नाही हे मोजण्यात गेला.

रायपुरात इंग्रजी शिकवणारे पुष्कळ. चौकाचौकांत तीस दिवसांत इंग्रजी बोलायला लावण्याच्या जाहिराती लागलेल्या असत. नीलकंठराव तीस दिवसांत फक्त भविष्यकाळ शिकवत, आणि तोही पुरा होत नाही म्हणून पाच दिवस वाढवत. भूतकाळ कोणालाही जमतो, कारण तो होऊन गेलेला असतो. वर्तमानकाळ फार थोडा वेळ टिकतो. माणसाची खरी शिस्त दिसते ती न घडलेल्या गोष्टीविषयी नेटके बोलण्यात, असा त्यांचा सिद्धान्त. फळ्याचे चार रकाने कायमचे आखलेले होते: साधा, चालू, पूर्ण आणि चालू-पूर्ण. त्यापलीकडे दोन परिशिष्टे. पहिले ‘गोइंग टू’चे, म्हणजे मनात ठरलेल्या बेताचे. दुसरे तारीख-वार ठरून गेलेल्या गोष्टींचे. तिथे इंग्रजी माणूस चक्क वर्तमानकाळ वापरतो, आणि नीलकंठरावांच्या शब्दांत, वर्तमानकाळ भविष्यकाळाच्या घरात भाडेकरू म्हणून राहतो. ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांच्यापुढे लोक आता सर्रास ‘विल’ लावतात आणि ‘शॅल’ कोणी विचारत नाही, याचे दुःख त्यांना जवळचे माणूस गेल्यासारखे होई. त्यांच्या वर्गात ‘शॅल’ जिवंत होते.

उद्याविषयी बोलण्याचे असे सहा मार्ग जाणणाऱ्या या गृहस्थाला स्वतःचा उद्या मात्र कधीच लागला नाही. त्यांचा उद्या हुबेहूब कालच्यासारखा असे. सहा वाजून दहा मिनिटांनी चहा, साडेबाराला जेवण, चारला पुन्हा चहा, आठला दोन पोळ्या आणि दूध. सूर्य उगवतो तसा चहा येतो, अशी त्यांची समजूत. सदतीस वर्षे तो कोणी तरी आणते, ही बाब त्यांच्या रकान्यांत बसत नव्हती.

त्यांच्या शिकवणीची एक रीत होती. दर बुधवारी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या भविष्याविषयी दहा वाक्ये लिहून आणायची. नीलकंठराव ती लाल शाईने तपासत, प्रत्येक बिनचूक वाक्यापुढे आपली आद्याक्षरे घालत आणि पानाच्या तळाशी तारखेसह पूर्ण सही करत. त्यांतले उत्तम वाक्य फळ्यावर चढे. त्याला ते नमुना-वाक्य म्हणत. ते सर्वांनी आपापल्या वहीत जसेच्या तसे उतरवून घ्यायचे. एक स्वल्पविरामही इकडचा तिकडे करायचा नाही. वाक्यात काय म्हटले आहे इकडे ते पाहत नसत. मजकूर हा विद्यार्थ्याचा खासगी प्रश्न, व्याकरण हे आपले काम, अशी त्यांनी वाटणी केली होती.

या वाटणीचा एकदा फटका बसला होता. शेजारचे हिरालाल साहू उरला इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत एका रोलिंग मिलमध्ये पाळीवर मुकादम. बढतीसाठी इंग्रजी हवे म्हणून शिकवणीला येत. त्यांनी एका बुधवारी वहीत लिहिले की, दिवाळीपर्यंत आमची मागची भिंत पडलेली असेल. नीलकंठरावांनी ‘पर्यंत’ या अर्थाच्या इंग्रजी ‘बाय’चा उपयोग योग्य झाल्याबद्दल शाबासकी लिहिली. दसऱ्याच्या सुमारास भिंत पडली. ती दोन्ही घरांची सामाईक भिंत होती. हिरालाल हात जोडून म्हणाले की, मी तर लिहून दिले होते, सर. नीलकंठरावांनी वही मागवून पाहिली आणि ते मान्य केले. मात्र वाक्य बरोबर होते, एवढेच पुनःपुन्हा सांगितले.

महिलांचा वर्ग यंदा जूनमध्ये सुरू झाला, दुपारी तीनला. चौबे कॉलोनीतून चार जणी यायच्या. त्यांत कौमुदी नावाची पुण्याकडची एक तरुण सून होती. तिचा नवरा शिरीष इथल्याच एका कार्यालयात लेखापरीक्षक. पण चार ही संख्या नीलकंठरावांच्या नियमात बसेना. वर्ग पाचाचा. हा नियम त्यांनी १९९४ साली, शाळेतल्या जादा तासांसाठी, केला होता आणि का केला होता हे ते स्वतः विसरले असले तरी नियम विसरले नव्हते. तेव्हा चित्राबाई म्हणाल्या, मी बसते पाचवी. पत्नी संख्या भरून काढते आहे असे समजून त्यांनी परवानगी दिली. अट एकच घातली: वर्गात नातेसंबंध नाहीत. वर्गात त्यांनी ‘सर’ म्हणायचे, दुसऱ्या बाकावर बसायचे आणि चहासाठी मधूनच उठायचे नाही.

चित्राबाईंना संख्या भरायची नव्हती. जगदलपूरच्या वेशीवर त्यांची बालमैत्रीण गोदू मुलींचे वसतिगृह चालवत होती. तिची जुनी अधीक्षिका सोडून गेली होती. गोदूने एप्रिलात फोन केला: तू ये, वर्षभर तरी सांभाळ, पोरींना तुझ्यासारखे माणूस पाहिजे. फक्त एक होते. संस्थेला मदत करणारी मंडळी बाहेरची, त्यांना दर महिन्याला पुढल्या महिन्याचा आराखडा इंग्रजीत लिहून पाठवावा लागे. काय करणार, काय करत असू, अमुक तारखेपर्यंत काय झालेले असेल. चित्राबाईंचे वय अठ्ठावन्न. आयुष्यात त्यांना कोणी पहिल्यांदाच कामावर बोलावले होते. त्या रात्री त्यांना झोप आली नाही.

नवऱ्याला त्यांनी सांगितले नाही असे नाही. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी, ते वर्तमानपत्र वाचत असताना, त्या समोर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, “गोदूचा फोन आला होता, ते मले बुलावून राहिली, मी सोचून राहिली का...”

नीलकंठरावांनी तर्जनी वर केली. एका वाक्यात दोन हिंदी क्रियापदे आणि एक वऱ्हाडी सर्वनाम आले आहे, हे त्यांनी सौम्यपणे निदर्शनास आणले आणि वाक्य पुन्हा, शुद्ध मराठीत सांगण्याची सूचना केली. चित्राबाईंनी त्या तर्जनीकडे पाहिले. मग उठून आत गेल्या. आपला नवरा बिनचूक वाक्यच ऐकतो, तर आपण बिनचूक वाक्य करायला शिकावे, असे त्यांनी त्या वेळी ठरवले. या निश्चयात काडीचाही राग नव्हता. त्यांना खरोखरच असे वाटले की, अडचण एवढीच आहे.

पुढचे पाच बुधवार त्यांनी नवऱ्याला आपला बेत अभ्यासक्रमाच्या क्रमाने कळवला. पहिल्या आठवड्यात, साध्या भविष्यकाळात: मी एका वसतिगृहात काम करीन. नीलकंठरावांनी ‘विल’ खोडून ‘शॅल’ केले आणि आद्याक्षरे घातली. दुसऱ्या आठवड्यात, चालू भविष्यकाळात: पुढच्या महिन्यात या वेळी मी गोदूसाठी आराखडा लिहीत असेन. बरोबर, आद्याक्षरे. तिसऱ्या आठवड्यात पूर्ण भविष्यकाळ आला: ऑगस्टपर्यंत माझे पती स्वतःचा चहा करायला शिकलेले असतील. बरोबर, आणि समासात ‘बाय’बद्दल शाबासकी. चौथ्या आठवड्यात, ज्या काळाला भले भले विद्यार्थी घाबरतात, त्या चालू-पूर्ण भविष्यकाळात त्यांनी लिहिले: सात जुलैला मी या घरात सदतीस वर्षे राहत आलेली असेन. हे वाक्य वाचून नीलकंठरावांनी चष्मा काढून पुसला. इतका निर्दोष चालू-पूर्ण त्यांनी बारा वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी ‘उत्कृष्ट’ असे लिहून खाली पूर्ण सही केली.

पाचवा आठवडा परिशिष्टांचा. ठरून गेलेल्या गोष्टींसाठी वर्तमानकाळ. बुधवारी, दोन जुलैला, चित्राबाईंनी उभे राहून वाक्य वाचले: “आय ॲम लीव्हिंग फॉर जगदलपूर ऑन मंडे, द सेव्हन्थ ऑफ जुलै.” बाकीच्या चौघींनी टाळ्या वाजवल्या, एकीने डोळे पुसले. भाडेकरू वर्तमानकाळ अखेर या बायकांच्या गळी उतरला, या जाणिवेने नीलकंठरावही हेलावले. त्यांनी ते वाक्य फळ्यावर घेतले, खाली दुहेरी रेघ ओढली आणि सर्वांना उतरवून घ्यायला सांगितले.

अशा रीतीने त्या दिवशी रायपुरातल्या पाच घरांत, पाच वह्यांत, घरची बाई सोमवारी जगदलपूरला निघाल्याची नोंद झाली.

गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास शिरीष आला. वेळ न ठरवता आलेला पाहुणा नीलकंठरावांना आवडत नसे, पण या माणसाचा चेहरा पाहून त्यांनी घड्याळाकडे बघायचे टाळले. शिरीष बाकावर बसला, पाणी नको म्हणाला, मग मागून घेतले. कौमुदीची वही जेवणाच्या टेबलावर उघडी पडली होती, ती त्याने सहज वाचली होती. तिला विचारायचे धैर्य त्याला झाले नव्हते. दुपारपासून तो कार्यालयात बसून आपले काय काय चुकले याची यादी करत होता, आणि ती यादी लांबत चालली होती.

“सर,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “कौमुदी मला सोडून जगदलपूरला चालली आहे का? तुम्हाला काही बोलली का ती?”

नीलकंठराव हसले. ते वर्षातून दोनदा हसत, त्यांतले हे एक. त्यांनी शांतपणे नमुना-वाक्याची पद्धत समजावून सांगितली. ते वाक्य तुमच्या पत्नीचे नव्हेच. ते पाचही जणींच्या वहीत आहे. शिक्षणात थोडे मागे पडलेले लोक वाक्याचा अर्थ लगेच मनाला लावून घेतात, असेही त्यांनी सांगितले. शिरीषने ओल्या रुमालाने कपाळ पुसले. त्याचा जीव भांड्यात पडला. पण तो लेखापरीक्षक होता, आणि नकलेवरून मूळ कागदाकडे जाण्याची त्याच्या धंद्याची खोड त्याला स्वस्थ बसू देईना.

“पण सर, मूळ वाक्य कोणाचं?”

“मूळ वाक्य माझ्या पत्नीचं.”

“म्हणजे काकू जाणार आहेत?”

“वाक्यात तसं म्हटलेलं आहे,” नीलकंठराव म्हणाले. “वाक्यात पुष्कळ काही म्हटलेलं असतं. त्याचा...”

“हव,” आतून आवाज आला. “सोमवारी. साडेसहाची बस आहे.” चित्राबाई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. “शिरीषभाऊ, साखर एक चमचा का दोन?”

शिरीषने बिनसाखरेचाच चहा दोन घोटांत संपवला. आपल्या घरचे संकट टळले आहे आणि दुसऱ्याच्या घरचे आपण उघड्यावर आणले आहे, हे त्याच्या लक्षात आले होते. चपला घालता घालता त्याने दारातल्या चपलांच्या सरळ रांगेचे कौतुक केले आणि तो गेला.

नीलकंठराव फळ्याकडे पाहत होते. वाक्य अजून तिथेच होते.

“हे तू मला सांगायला हवं होतंस,” ते म्हणाले.

“सांगतलं ना. पाच हप्ते झाले, सांगून राहिली.”

“तोंडी सांगायला हवं होतंस.”

“तोंडी सांगतलं तं तुमी बोट वर करता. म्हणून लिहून देल्लं.” चित्राबाईंनी कपाटातून वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. “तुमी सही केली. मले वाटलं, तुमाले मंजूर आहे. गोदूले मी फोनवर बोलली, साहेबांनी सही केली. ते बी खूश झाली. म्हणे, तुझा नवरा तर बडा भला माणूस निघाला.”

शुक्रवारचा संपूर्ण दिवस नीलकंठरावांनी ती वही तपासण्यात घालवला. पन्नास वाक्ये, पन्नास वेळा आद्याक्षरे, पाच पूर्ण सह्या. एखादी तरी चूक सापडावी, एखादे तरी वाक्य रद्द ठरावे, म्हणून ते भिंग घेऊन बसले. चूक नव्हती. होत्या त्या त्यांनी आधीच सुधारल्या होत्या. इतक्या मोठ्या वयात इतक्या कमी अवधीत एवढी प्रगती केलेली विद्यार्थिनी त्यांना आठवत नव्हती, आणि शिकवणी उत्तम झाली होती हीच आता मोठी पंचाईत होती. चहाचे वाक्य वाचताना ते थबकले. ‘माझे पती’ म्हणजे कोण, हा प्रश्न त्यांना दोन आठवडे पडला नव्हता.

संध्याकाळी त्यांनी मुलाला, यशोधनला, हैदराबादला फोन लावला. यशोधन मराठी समजत असे आणि उत्तर हिंदीत देत असे. नीलकंठरावांच्या आयुष्यातला हा जुना पराभव होता. तुझी आई जाते आहे हे तुला माहीत आहे काय, असे त्यांनी विचारले.

“मम्मी ने तो मई में ही बता दिया था, बाबा,” तो म्हणाला. “टिकट भी मैंने ही कराया है. खिड़की वाली सीट.” मग त्याने विचारले, “आपने साइन किया था न?”

शनिवारी नीलकंठरावांनी आक्षेपांची क्रमवार यादी केली आणि जेवणानंतर वाचून दाखवली. पहिला आक्षेप हवामानाचा. चित्राबाई म्हणाल्या, तिथली हवा इथल्यापेक्षा थंड आहे. दुसरा वयाचा. तर गोदू वयाने सहा महिन्यांनी मोठी निघाली. तिसरा आक्षेप, लोक काय म्हणतील. यावर चित्राबाईंनी लोक काय म्हणाले ते सांगितले, कारण ते म्हणून झाले होते: पुजाऱ्याने नारळ दिला होता आणि हिरालाल आपली गाडी घेऊन बसस्थानकापर्यंत सोडायला येणार होते. चौथा आणि शेवटचा आक्षेप नीलकंठरावांनी जरा घाईने वाचला. पाचवी विद्यार्थिनी गेल्यावर महिलांच्या वर्गात चारच उरतात. नियमाप्रमाणे तो वर्ग बंद करावा लागेल.

“तं बंद करा,” चित्राबाई म्हणाल्या. “नाही तं नियम बदला. पण मी तुमच्या संख्येपायी काहून थांबू?”

कागदाची घडी घालताना नीलकंठरावांच्या हातून कोपरे जुळले नाहीत. त्यांनी घडी मोडून पुन्हा घातली.

रविवारी दुपारी सामान बांधून झाले. एक सुटकेस, एक पिशवी, आणि नवी कोरी वही. चित्राबाई सुटकेसचे कुलूप लावून उठल्या आणि बैठकीत आल्या. नीलकंठराव फळा पुसायचा की नाही अशा विचारात हातात कापड घेऊन उभे होते. चित्राबाई दुसऱ्या बाकापाशी थांबल्या.

“एक विचारते,” त्या म्हणाल्या. “मी जाऊ नये असं तुमाले वाटते का? वाटत असंन तं सांगा. गोदू दुसरी पाहून घेईन. मले राग नाही येणार. पण सरळ सांगा, यादी नका वाचू.”

आता प्रश्न खराखुरा होता, आणि त्याचे उत्तर नीलकंठरावांच्या तोंडात तयार होते. वाटते. घर रिकामे होईल, या खोल्यांत एकटे कसे राहतात ते मला येत नाही, मला भीती वाटते. सारे वाक्य असे सरळ उभे राहिले होते. ते उच्चारण्यासाठी त्यांनी मान वर केली, आणि समोर त्यांना बाकाला हात टेकून उभी राहिलेली एक विद्यार्थिनी दिसली. पेपर लिहून झालेला आहे आणि निकाल दुसऱ्याच्या हातात आहे, अशी उभी राहणारी मुले त्यांनी चौतीस वर्षे पाहिली होती. निकाल ठाऊक असूनही तो दाबून ठेवणारे मास्तरही पाहिले होते, आणि त्यांच्याविषयी आपले काय मत होते तेही त्यांना आठवले.

“बस साडेसहाची आहे,” ते म्हणाले. “म्हणजे साडेचारला उठायला हवं. गजर मी लावतो.”

सदतीस वर्षांच्या सरावामुळे चित्राबाईंना हे उत्तर पुरले. त्या आत गेल्या.

सोमवारी भाटागावच्या बसस्थानकावर ते तिघे सव्वासहालाच पोचले. हिरालाल रात्रपाळी करून थेट आले होते; अंगावर अजून मिलची धूळ होती. त्यांनी सामान चढवले आणि नवरा-बायकोंना बोलता यावे म्हणून ते गाडीपाशी जाऊन उभे राहिले. नीलकंठरावांनी खिशातून एक कागद काढला. चित्राबाईंच्या अनुपस्थितीत घराची व्यवस्था कोलमडणार नाही याची त्यांना खात्री पटावी म्हणून नीलकंठरावांनी आपल्या दिवसाचे वेळापत्रक केले होते, पट्टीने आखलेले. खिडकीतून ते त्यांनी चित्राबाईंच्या हातात दिले. पहाटेचे फिरणे होते, सकाळची शिकवणी होती, वर्तमानपत्र, वह्या तपासणे, शब्दकोश चाळणे, सायंकाळचे देवदर्शन, झोप. चित्राबाईंनी ते वरपासून खालपर्यंत दोनदा वाचले.

“यात जेवण नाही कुठं.”

“ते गृहीत धरलं आहे.”

“कोणी धरलं?”

वाहकाने पत्र्यावर थाप मारली. चित्राबाईंनी हात बाहेर काढून त्यांच्या सदऱ्याची सुटलेली गुंडी लावली, चारचौघांत, जे त्यांनी यापूर्वी कधी केले नव्हते, आणि म्हणाल्या, “केशकालच्या घाटात फोन लागत नाही म्हणे. दुपारी करते.” बस हलली. ती फाटकातून वळून दिसेनाशी झाली तेव्हा सहा वाजून चौतीस मिनिटे झाली होती. चार मिनिटांचा उशीर. एरवी त्यांनी चौकशी खिडकीवर जाऊन तक्रार नोंदवली असती.

घरी येऊन त्यांनी सकाळची शिकवणी घेतली. साडेबारा वाजता ते सवयीने पाटावर जाऊन बसले. पाच मिनिटे बसले. मग उठून त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उघडून पाहिले. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती, त्यांच्याच अक्षरातली, चित्राबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी केव्हा तरी लिहून दिलेली. तांदूळ कोणता आणि डाळ कोणती हे त्यामुळे कळले. पुढचे कळले नाही. दोन वाजता फोन लावला. तो लागला नाही. हिरालालांचे दार ठोठावावे असे मनात आले, पण रात्रपाळी केलेला माणूस झोपलेला असणार. त्यांनी दोन केळी खाल्ली आणि तांब्याभर पाणी प्यायले.

तीनला चौघी आल्या. बाहेर चपला काढताना त्या हळू बोलत होत्या. चाराचा वर्ग होत नाही हे त्यांना ठाऊक होते, आणि सर आता काय सांगतात याची त्या वाट पाहत होत्या. नीलकंठरावांनी हजेरी घेतली. पाचव्या नावाशी ते थांबले, त्यापुढे ‘रजेवर’ असे लिहिले आणि हजेरीपट मिटून म्हणाले की, वर्ग होईल. मग वह्या मागितल्या. तो बुधवार नव्हता, पण आज फळ्यावर नवे काही लिहिण्याचे बळ त्यांच्यात नव्हते.

सर्वांत वर कौमुदीची वही होती. तिने परिशिष्ट एकमधले वाक्य केले होते: माझे पती उद्यापासून रोज संध्याकाळचा स्वयंपाक करणार आहेत. गुरुवारी घरी गेल्यावर शिरीषने आपली लांबलचक यादी बायकोला वाचून दाखवली होती, त्याचा हा परिणाम. वाक्य निर्दोष होते. नीलकंठरावांनी लाल लेखणी उचलली, आद्याक्षरांतले पहिले अक्षर काढले आणि हात थांबवला.

“काय करणार आहेत?” त्यांनी विचारले.

कौमुदी गोंधळली. तिला वाटले, क्रियापदात काही तरी राहिले. तिने घाईघाईने ‘गोइंग टू’चा नियम म्हणायला सुरुवात केली.

“ते बरोबर आहे,” नीलकंठराव म्हणाले. “स्वयंपाक कसला करणार आहेत?”

“खिचडी, सर,” ती म्हणाली. “मुगाच्या डाळीची. कुकरमध्ये. त्यांना तेवढीच येते.”

बाकीच्या तिघी हसल्या. सरांनी विनोद केला, असे त्यांना वाटले; तो त्यांच्या वर्गातला पहिलाच विनोद होता. नीलकंठराव हसले नाहीत. त्यांनी लेखणी बंद करून खिशाला लावली, समोरचा कोरा कागद पुढे ओढला आणि खुर्ची थोडी जवळ घेतली.

“सावकाश सांगा,” ते म्हणाले. “तांदूळ किती घ्यायचे?”